कुवोहीचा टॉवर: स्मोकी पर्वताच्या माथ्यावरून चहूकडे पाहायचं असेल तर दिवस कसा निवडायचा, वर कसं जायचं, काय पाहायचं

कुवोहीच्या शिखरावरचा टॉवर जेमतेम ४५ फूट उंच आहे, म्हणजे आपल्याकडच्या चारमजली इमारतीएवढा. लिफ्ट नाही, तिकीट नाही, वर चहाची टपरीही नाही. तरीही अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्यांची धाव इथे असतेच, कारण हा टॉवर ज्या डोंगराच्या डोक्यावर उभा आहे तो ६,६४३ फूट, म्हणजे २,०२५ मीटर उंच आहे. टेनेसी राज्याचं हे सर्वांत उंच ठिकाण. राज्याची हद्द माथ्यावरूनच जाते, त्यामुळे डोंगराचा अर्धा अंग नॉर्थ कॅरोलायनात आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला याहून उंच शिखरं दोनच. आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) हे पावणेचारशे मीटरने उंच आहे, आणि गाडी शिखराच्या अर्धा मैल अलीकडे जाऊन थांबते. अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल या भागातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की स्मोकीची सहल ठरते, ती बहुतेक वेळा या टॉवरसाठीच.

पण इथे गाडी पोचली म्हणजे दृश्य दिसलं असं नाही. वर्षभरात सुमारे ८५ इंच पाऊस आणि बर्फ झेलणारा हा माथा अनेकदा ढगातच असतो. चार तास गाडी हाकून, धापा टाकत वर जाऊन, समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काहीच न दिसणं इथे नेहमीचं आहे. म्हणून या लेखात चढण्याबद्दल जेवढं आहे तेवढंच दिवस आणि वेळ निवडण्याबद्दल आहे. चढ अर्ध्या तासाचा आहे, निवड मात्र आदल्या आठवड्यापासून करायची असते.

नाव नीट माहीत असू द्या

जुने नकाशे, जुनी माहितीपत्रकं आणि बऱ्याच लोकांच्या तोंडी अजूनही 'क्लिंगमन्स डोम' हेच नाव आहे. आर्नल्ड गुयो या भूगोलतज्ज्ञाने १८५९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या टॉमस क्लिंगमन या राजकारण्याचं नाव या शिखराला दिलं. इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांसाठी मात्र ते त्याआधी कितीतरी पिढ्या 'कुवोही' होतं, म्हणजे तुतीची जागा. पूर्वेकडच्या चेरोकी समाजाने पाठपुरावा केला आणि १८ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने मूळ नाव परत दिलं. गाडीतल्या जुन्या जीपीएसमध्ये कुवोही सापडलं नाही तर क्लिंगमन्स डोम टाका, जागा तीच आहे.

हे नाव परत मिळालं ते योग्यच झालं. चेरोकी कथांमध्ये या डोंगराच्या पोटात अस्वलांचं सभागृह आहे, आणि अस्वलांचा प्रमुख, पांढरं अस्वल, तिथे राहतो. १८३८ मध्ये चेरोकींना बळजबरीने पश्चिमेकडे हाकलण्यात आलं, तेव्हा काही कुटुंबं याच डोंगररांगांत लपून राहिली. आजही वर्षातून तीन वेळा अर्धा दिवस हा रस्ता इतरांसाठी बंद ठेवून चेरोकी शाळांतल्या मुलांना वर नेलं जातं. या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होतात. तुमची सहल त्याच सकाळी पडत नाही ना, हे पाहून घ्या. माथ्यावर मोठ्याने गाणी लावायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

रस्ता कधी उघडा असतो

टॉवरकडे जाणारा सात मैलांचा (सव्वाअकरा किलोमीटर) कुवोही रस्ता १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर उघडा असतो. १ डिसेंबर ते ३१ मार्च फाटक बंद. सर्वांत मोठी फसगत इथेच होते. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, बर्फ नसेल तर गाडी वर जाते. पण नाताळच्या सुट्टीत हॉटेल घेऊन आलात तर फाटकापाशीच थांबावं लागतं. टॉवर आणि पायवाट बाराही महिने खुली असते, पण हिवाळ्यात तिथे पोचायचं तर फाटकापासून जाऊन-येऊन १५ मैल बर्फातून चालावं लागतं. ते काम सराव आणि साहित्य असलेल्यांचंच. डिसेंबर-जानेवारीत कुटुंबासह असाल तर न्यूफाउंड गॅप या ५,०४६ फुटांवरच्या खिंडीत थांबा. तिथून दोन्ही राज्यांकडचा देखावा गाडीतून उतरल्या उतरल्या मिळतो. तो रस्ताही मोठ्या बर्फात बंद होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणि नोव्हेंबरच्या शेवटी रस्ता ऐनवेळी बंद होऊ शकतो, कारण खाली पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावात पाऊस पडत असताना वर बर्फ पडत असतो. निघण्याच्या सकाळी संकेतस्थळावरची रस्त्यांची स्थिती पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

दिवस निवडणं

शंभर मैलांपर्यंत दिसतं, असं या टॉवरबद्दल सांगतात. ते खरं आहे. दोन हजार मीटर उंचीवरून पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज साधारण १६० किलोमीटरवर पडतं, म्हणजे बरोबर शंभर मैल. प्रश्न हवेचा आहे. ही झाडी स्वतःच बाष्पशील रसायनं सोडते आणि तीच हवेत निळसर धुरकट पडदा तयार करतात. 'स्मोकी' हे नाव त्यावरूनच पडलं. त्यात कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांमधून येणारे सल्फेटचे सूक्ष्म कण मिसळतात. हे कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून जुलै-ऑगस्टच्या दमट दुपारी आकाश निळं असूनही चौथ्या-पाचव्या रांगेपलीकडचं पुसल्यासारखं होतं. प्रदूषणावरच्या निर्बंधांमुळे १९९० च्या दशकापेक्षा आता हवा खूपच स्वच्छ आहे, तरीही उन्हाळ्यातला दमटपणा आहेच.

सर्वांत स्वच्छ दिवस ओळखायची एक खात्रीची खूण आहे. पाऊस आणून थंड हवेची आघाडी पुढे सरकली आणि मागून वायव्येचा कोरडा वारा सुटला की दुसऱ्या दिवशीची सकाळ. पावसाने कण धुऊन गेलेले असतात आणि नव्या हवेत ओलावा नसतो. अशा सकाळी दूरच्या रांगांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या दिसतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात असे दिवस जास्त येतात. मे-जूनमध्येही येतात, फक्त कमी. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम असेल तर टॉवरसाठी एकच सकाळ ठरवून ठेवू नका. दोन्ही सकाळी मोकळ्या ठेवा आणि अंदाज पाहून त्यातली एक घ्या. दुसऱ्या सकाळी खालचे धबधबे किंवा केड्स कोव्हची दरी पाहा, तिथे ढगाने काही बिघडत नाही.

अंदाज पाहताना 'गॅटलिनबर्गचं हवामान' पाहून उपयोग नाही. ते गाव सुमारे १,३०० फुटांवर आहे, टॉवरच्या पाच हजारांहून जास्त फूट खाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशात नेमक्या शिखरावर टिचकी मारली की त्या उंचीचा अंदाज मिळतो. तापमान, वारा आणि ढगांचं प्रमाण तासागणिक दिसतं. शिवाय उद्यानाचे वेबकॅम आहेत. त्यातला एक कुवोहीवरचाच आहे. न्यूफाउंड गॅपचाही आहे. निघायच्या आधी दोन्ही पाहा. न्यूफाउंड गॅप ढगात आणि कुवोही उघडा असेल तर ताबडतोब निघा, कारण त्याचा अर्थ तुम्ही ढगांच्या वर उभे राहणार आहात. हे दृश्य शांत, थंड रात्रीनंतरच्या पहाटे मिळतं. थंड जड हवा दरीत साचते, तिच्यातलं धुकं खालीच अडकतं आणि डोंगरांचे माथे बेटांसारखे वर राहतात. ऊन तापलं की हाच थर उचलून माथ्यावर येतो. म्हणूनच दहा-अकरानंतर बरेचदा शिखर झाकलं जातं.

वेळ

स्वच्छ हवा आणि रिकामं पार्किंग दोन्ही सकाळी लवकर मिळतात. जून ते ऑगस्ट आणि ऑक्टोबरभर वरचं पार्किंग सकाळी दहाच्या सुमाराला भरायला लागतं. शनिवार-रविवारी त्याहून आधीच. मग सात मैलांच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि लोक रस्त्याकडेच्या गवतात गाड्या घालतात. तसं करू नका. कडेची माती भुसभुशीत असते, चाक रुततं, आणि तिथलं गवत-शेवाळ परत उगवायला वर्षं लागतात.

सूर्योदय पाहायचा तर जूनअखेरीस तो सव्वासहाच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या मध्यात पावणेआठच्या जरा आधी होतो. गॅटलिनबर्गहून गाडीला पाऊण तास आणि चढायला अर्धा तास धरा. उजाडायला लागल्याचे रंग हवे असतील तर आणखी अर्धा तास लागतो. म्हणजे सूर्योदयाच्या पावणेदोन तास आधी हॉटेल सोडायचं. डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाकडे हवा. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकून राहतो.

संध्याकाळ हा दुसरा चांगला पर्याय. जूनमध्ये सूर्यास्त पावणेनऊनंतर, ऑक्टोबरच्या मध्यात सातला. सूर्यास्ताला गर्दी सूर्योदयापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून तासभर आधी पोचा. आई-बाबांना अर्ध्या मैलाचा चढ झेपणार नसेल तर वर जायचा हट्टच करू नका. पार्किंगच्या कठड्यापासून दक्षिणेकडची सगळी दरी उघडी दिसते. घडीची खुर्ची, शाल आणि थर्मासमधला चहा घेऊन तिथे बसलेली माणसं टॉवरवर चढलेल्यांपेक्षा काही फार कमी पाहत नाहीत.

निघण्यापूर्वी गाडीत काय हवं

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी कुठेही उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो. १ मार्च २०२३ पासून सुरू झालेले दर असे: एका दिवसाला ५ डॉलर, सात दिवसांपर्यंत १५ डॉलर, वर्षाला ४० डॉलर. इतर राष्ट्रीय उद्यानांत चालणारा 'अमेरिका द ब्यूटिफुल' वार्षिक पास इथे टॅगऐवजी चालत नाही, त्यामुळे तो आहे म्हणून निश्चिंत राहणारे दंड भरतात. टॅग छापील हवा आणि गाडीत बाहेरून दिसेल असा ठेवलेला हवा. मोबाइलमधला फोटो धरला जात नाही. ऑनलाइन घेतलात तर घरीच छापून घ्या. त्यावर गाडीचा नंबर असतो, तेव्हा भाड्याची गाडी असेल तर ती ताब्यात आल्यावर शुगरलँड्स किंवा ओकोनालुफ्टी या माहिती केंद्रांवर टॅग घेणं सोपं पडतं.

उद्यानात पेट्रोल पंप नाही, हॉटेल-उपाहारगृह नाही. टाकी गॅटलिनबर्गला किंवा दक्षिणेकडून येत असाल तर चेरोकी गावात भरून घ्या. विजेच्या गाडीवाल्यांनी निदान अर्ध्याहून जास्त चार्ज ठेवावा. चढताना तो झपाट्याने उतरतो, आणि उतरताना काही भाग परत मिळतो. मोबाइलला बहुतेक रस्त्यावर रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि दोन गाड्या असतील तर भेटायची जागा आणि वेळ खालीच ठरवा.

माणशी किमान अर्धा लिटर पाणी घ्या, वर नळ आहे असं समजू नका. पार्किंगपाशी स्वच्छतागृह आहे, पण ते खड्ड्याचं आहे, वाहतं पाणी नाही. हात पुसायचे ओले कागद आणि सॅनिटायझर ठेवा. ज्येष्ठ मंडळींना नीट स्वच्छतागृह हवं असेल तर ते शुगरलँड्स किंवा ओकोनालुफ्टीला उरकून घ्यावं.

कपड्यांत नवखी माणसं नेमकी चुकतात. खाली ८० अंश फॅरनहाइट असेल तर वर ६२ ते ६५ असतं, म्हणजे १७-१८ अंश सेल्सिअस. त्यात टॉवरच्या उघड्या माथ्यावर वारा असतो. जुलैतही प्रत्येकाला एक स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारं विंडचीटर हवं. नुसता स्वेटर असेल तर वारा विणीतून आरपार जातो. एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबरात कानटोपी आणि हातमोजेही. चपला-सँडल नकोत. वाट डांबरी असली तरी ओली असते आणि उतारावर पाय पुढे घसरतो. साडी नेसायची असेल तर घोट्यापासून चार बोटं वर आणि खाली बूट, म्हणजे निरी पायात येत नाही.

डबा घेतला असेल तर तो गाडीत बंद काचांआड ठेवा. धपाटे, चटणी, केळी, काहीही. या उद्यानात काळी अस्वलं भरपूर आहेत आणि वासाचा माग ती फार लांबून काढतात. एकदा माणसाचं अन्न मिळालेलं अस्वल परत परत येतं आणि शेवटी त्याचाच जीव जातो. अस्वल दिसलं तर किमान ५० यार्ड अंतर ठेवायचा कायदा आहे.

घाट

उत्तरेकडून शुगरलँड्स माहिती केंद्रापासून न्यूफाउंड गॅप १३ मैल, दक्षिणेकडून ओकोनालुफ्टीपासून साधारण १६ मैल. न्यूफाउंड गॅपच्या किंचित दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला, कुवोही रस्ता फुटतो. टेनेसीकडून येताना तो उजवीकडे लागतो. खिंड ओलांडली की लगेच वेग कमी करा, नाहीतर वळण मागे पडतं.

टेनेसीच्या बाजूला एके ठिकाणी रस्ता स्वतःच्याच वरून पूर्ण गोल फिरतो. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका आणि आलेपाकाची वडी हाताशी ठेवा. कानात दडे बसतात. लहान बाळाला त्या वेळी दूध पाजलं की रडणं थांबतं. मागे गाड्या साचल्या तर कडेच्या थांब्यावर घेऊन त्यांना पुढे जाऊ द्या, हा इथला रिवाज आहे.

अर्धा मैल

पार्किंगपासून टॉवरपर्यंतची वाट ०.५ मैल, म्हणजे ८०० मीटर आहे आणि त्यात ३३२ फूट चढ आहे. दर आठ फूट चालताना एक फूट वर जायचं. एकूण हिशेब तीस-बत्तीस मजल्यांचा होतो, फक्त पायऱ्या नाहीत, सलग चढ आहे. धडधाकट माणूस वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो. पासष्टीच्या पुढच्या मंडळींना चाळीस-पन्नास मिनिटं द्या. वाटेत बाकं आहेत, तिथे बसा. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी असतो. विरळ हवेचा आजार या उंचीवर सहसा होत नाही, पण एरवी न लागणारी धाप लागते. सुरुवातीच्या शंभर पावलांत घाईने चढणारे मध्यावर गळतात. बोलत बोलत चालता येईल एवढाच वेग ठेवा. छातीत दुखलं, डोकं गरगरलं तर तिथूनच परत फिरा.

चाकाची खुर्ची या वाटेवर चालत नाही, चढ फार आहे. बाबागाडी जाते, पण उतरताना तिचा पट्टा मनगटाला अडकवा आणि तिच्या मागे राहा, पुढे नाही. कुत्री आणि सायकली या वाटेवर नेता येत नाहीत.

थांबाल तेव्हा झाडं जवळून पाहा. वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल स्प्रूस आणि फ्रेझर फर आहेत, आणि त्यांच्यामधून उभे राहिलेले राखाडी, फांद्या गळालेले मेलेले खांब. फ्रेझर फर जगात फक्त या दक्षिण अपालाचियन पर्वताच्या उंच माथ्यांवरच आपोआप उगवतो. युरोपातून आलेल्या, माव्याच्या जातकुळीतल्या एका कीटकाने गेल्या शतकात इथली मोठी झाडं बहुतेक सगळी मारली. एखाद्या जिवंत खोडावर कापसाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ते त्याचंच घर. कोवळ्या फरच्या गुळगुळीत सालीवर मात्र राळेने भरलेले फोड असतात. त्यांना नख लावू नका, जवळ नाक नेलं तरी तो गोडसर वास येतो. खांबांच्या पायथ्याशी माणसाच्या उंचीची हिरवी फरं दाटीने वर येताना दिसतात. जंगल पुन्हा उभं राहू पाहतंय, म्हणून वाट सोडून आत पाय टाकायचा नाही.

टॉवरवर

झाडी संपते आणि एकदम काँक्रीटचा वळसा समोर येतो. हा टॉवर १९५९ मध्ये बांधला. राष्ट्रीय उद्यानं मोटारीने येणाऱ्यांसाठी सज्ज करण्याचा त्या काळचा जो मोठा कार्यक्रम होता, त्यातलं हे काम. पायऱ्यांऐवजी गोल फिरत जाणारा ३७५ फुटांचा चढता पूल आहे, १२ टक्के चढाचा. तो सुरुवातीला झाडांच्या खोडांपाशी असतो, मग फांद्यांपाशी, मग शेंड्यांपाशी. शेवटी शेंडे पायाखाली जातात आणि वारा लागतो. कठड्याच्या आतल्या बाजूने चाला, म्हणजे उतरणाऱ्यांना वाट राहते. एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरात पहाटे या काँक्रीटवर दिसणार नाही असा बर्फाचा पातळ थर असतो. कठडा धरून, पूर्ण तळवा टेकवत चढा.

वरची गच्ची लहान आहे, जेमतेम २८ फूट व्यासाची. कडेने फोटोंच्या पाट्या लावल्या आहेत, त्यात समोरच्या शिखरांची नावं आहेत. पाटी वाचून समोर पाहण्याऐवजी आधी समोर पाहा. एक फेरी नुसतीच मारा, मग पाट्यांकडे वळा.

ईशान्येला तीन-चार उंचवट्यांचा, मुख्य रांगेपासून सुटा उभा असलेला भलामोठा डोंगर दिसतो, तो माउंट लिकाँट, ६,५९३ फूट. एकदा तो ओळखला की बाकीचं सोपं. त्याच्या उजवीकडे राज्यांच्या हद्दीची रांग न्यूफाउंड गॅपवरून पुढे माउंट गुयोकडे जाते. या शिखराला जुनं नाव देणारे गुयो ते हेच. उत्तरेला खोल खाली टेनेसीची दरी आणि सपाटी. पश्चिमेला तीच रांग सायलर्स बाल्ड, थंडरहेड अशी उतरत जाते. दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनाच्या रांगांवर रांगा, आणि नैर्ऋत्येकडे झाडीत चमकणारी पाण्याची पट्टी. तो फाँटाना तलाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या ४८० फूट उंच धरणाचं ते पाणी आहे. अगदी स्वच्छ हवेत सात राज्यं दिसतात असं म्हणतात. हद्दी काही रेघा मारलेल्या नसतात, त्यामुळे राज्यं मोजण्यापेक्षा रांगा मोजा. जवळची काळपट हिरवी, मग गडद निळी, मग फिकट, मग आभाळात मिसळलेली. सात-आठ स्पष्ट मोजता आल्या तर दिवस चांगला. दहाच्या वर गेलात तर उतरायची घाई करू नका.

फोटोसाठी मोबाइलची रुंद लेन्स इथे निराश करते, रांगा दोऱ्यासारख्या होतात. दोन-तीनपट झूम लावून एकाच दिशेच्या रांगा एकावर एक येतील असा फोटो घ्या. ऊन आडवं असतं तेव्हा, म्हणजे उगवल्यानंतरचा आणि मावळण्यापूर्वीचा एक तास, प्रत्येक रांगेची कड वेगळी उठते. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानात बंदी आहे.

ढग आला तर लगेच निघू नका. इथले ढग वाऱ्याबरोबर सरकतात आणि अर्ध्या-पाऊण तासात फट पडते. विंडचीटर चढवा, आडोशाला उभे राहा, थांबा. पण मेघगर्जना ऐकू आली तर क्षणभरही थांबायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर वादळं जमतात आणि आजूबाजूला याहून उंच काहीच नसतं. उतरा, गाडीत जाऊन बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय परत चढू नका.

उतरताना

गुडघ्यांना खरा त्रास चढताना नाही, उतरताना होतो. पावलं आखूड ठेवा, वाटेच्या रुंदीत थोडं नागमोडी चाला, काठी असेल तर ती पुढे टेका. टॉवरच्या पायथ्याजवळून अपालाचियन ट्रेल जाते. जॉर्जियापासून मेनपर्यंतच्या सुमारे २,२०० मैलांच्या या पायवाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण हेच. पाठीवर मोठं ओझं घेतलेली दाढीवाली मुलं दिसली तर ती बहुधा जॉर्जियाहून दोनशे मैल चालत आलेली असतात.

पायात जोर उरला असेल तर पार्किंगपासूनच फोर्नी रिज वाटेने अँड्र्यूज बाल्ड या मोकळ्या गवताळ माथ्यावर जाता येतं, एका बाजूने १.८ मैल. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथे ऱ्होडोडेंड्रॉन आणि भगवी अझेलिया फुललेली असते. जाताना उतार आणि येताना चढ आहे, तेव्हा पाणी आणि दम परतीसाठी राखून ठेवा.

गाडी उतरवताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. सलग वीस मैलांच्या उतारावर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी पुरती धरत नाही. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर किंवा 'एल' असतो, तो टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. वास आलाच तर कडेच्या थांब्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, पाणी ओतू नका. दक्षिणेकडे संध्याकाळी उतरत असाल तर ओकोनालुफ्टीजवळच्या कुरणात एल्क हरणं चरायला येतात आणि रस्ता ओलांडतात. त्या शेवटच्या दोन मैलांत वेग अगदी कमी ठेवा, आणि पाहायला थांबायचं तर गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन, पन्नास यार्डांवरूनच.